बडग्याच्या पोटात

ताटात वांग्याची भाजी होती, तीही तर्रीवाली. पण भैय्याजी परात्यांचा घास तोंडापर्यंत जाईना. भिंतीपलीकडून आवाज येत होता. टुंई टुंई टुंई, मग धडाम, आणि त्यावर पंधरा-वीस गळ्यांतून एकदम, "अरे अरे अरे!"

"मेला पुन्हा," भैय्याजी पुटपुटले.

"बाप्पा! कोण मेलं?" सुभद्राच्या हातातली पोळी हातातच राहिली.

"ताराचंद. उजवीकडं वळाचं तं डावीकडं वळला असंन. मले इथं बसून आवाजावरून समजते."

"मंग जाऊन सांगा न त्याले. भिंतीले कान लावून कायले बसता?"

"बोलावल्याशिवाय?" भैय्याजींनी ताट पुढे सरकवलं. "मी काय रस्त्यावरचं पोट्टं आहो, कोनाच्याही घरात घुसाले?"

ताट परत गेलं. हल्ली ते रोजच परत जात होतं.

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची. नागपूरच्या गोळीबार चौकामागच्या विणकरांच्या त्या गल्लीत तोवर अर्धेअधिक हातमाग बंद पडले होते. भैय्याजींच्या घरचाही पडला होता. मागाचा खड्डा बुजवून त्यावर त्यांनी टीव्ही ठेवला होता, आणि स्वतः विणकर सोसायटीच्या ऑफिसात कारकुनी करत होते. पण गल्लीत त्यांना मान होता तो कारकुनीमुळे नव्हे, व्हिडिओ गेममुळे. सीताबर्डीवर एका टॉकीजच्या शेजारी व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं, तेव्हा तिथे पाय ठेवणारा गल्लीतला पहिला माणूस म्हणजे भैय्याजी. डोक्याला तेल चोपडलेला हा चाळिशीचा गृहस्थ दर रविवारी शाळकरी पोरांच्या रांगेत टोकन घेऊन उभा राही, आकाशातून उतरणाऱ्या राक्षसांच्या पलटणी एकट्याने गारद करी आणि संध्याकाळच्या बसने विजयी मुद्रेने परत येई. मग त्यांच्या ओट्यावर दरबार भरे.

दरबारात भैय्याजी नुसती हकीगत सांगत नसत, मतं देत. मतांचा त्यांच्याकडे तोटा नव्हता. स्टिक मनगटाने हलवायची नसते, बोटांनी हलवायची. बटण दाबताना जो जीभ बाहेर काढतो तो खेळाडूच नव्हे. मोटारी पळवायचे खेळ ज्यांना सायकल चालवता येत नाही त्यांच्यासाठी असतात. आणि सगळ्यांत मोठा नियम ते बोट वर करून सांगत, "खेळनाऱ्याशी बोलाचं नाही. घराले आग लागली असंन तरी डाव संपल्यावर सांगाचं." गल्ली माना डोलवी. ज्यांनी जन्मात पार्लर पाहिलं नव्हतं ते तर जास्तच डोलवीत.

त्यांचा एक शर्टही होता, निळ्या चौकड्यांचा. तो अंगात असताना त्यांनी पार्लरमधला सगळ्यांत मोठा स्कोर केला होता. धुतला तर यश वाहून जाईल, म्हणून तेव्हापासून त्याला पाणी लागलं नव्हतं. सुभद्रा तो शर्ट काठीने उचलून खुंटीला टांगी.

शिष्यांत पहिला नंबर शेजारच्या ताराचंद निमजेचा. लुगड्यांचं लहानसं दुकान चालवणारा हा साधा माणूस दर रविवारी भैय्याजींसोबत जाई, त्यांची पिशवी धरून मागे उभा राही आणि डाव संपेपर्यंत खोकतसुद्धा नसे. असा शिष्य मिळायला पुण्य लागतं. आणि नेमक्या त्याच शिष्याच्या घरी त्याच्या मस्कतच्या साळ्याने एका ओळखीच्या माणसाच्या हाती टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पाठवून दिला.

भैय्याजींनी पहिल्याच रविवारी ओट्यावरून निकाल दिला. "घरचा गेम म्हंजे गेमच नाही. टोकन लागत नाही तं मरनाची भीती नाही, अन् भीती नाही तं खेळ कायचा? मेला का पुन्हा जिता. असं तं कोंबडं बी खेळंन." लोकांनी माना डोलवल्या आणि उठून ताराचंदकडे खेळायला गेले. पुढच्या रविवारी ओट्यावर एक बकरी बसली होती. ती मालकिणीने हाक मारताच गेली.

खरं सांगायचं तर भैय्याजी जळत होते. ज्या माणसाला 'बटण' आणि 'स्टिक' हे शब्द आपण शिकवले, त्याच्या घरी मशीन यावी आणि आपल्या घरी फक्त तिचा आवाज यावा, हे त्यांच्या काळजात काट्यासारखं रुतलं होतं. एकदा, फक्त एकदा ती स्टिक हातात मिळावी म्हणून त्यांचा जीव तीळ तीळ तुटत होता. पण ताराचंद बोलावत नव्हता. अख्ख्या गल्लीला बोलावलं, दूधवाल्याला बोलावलं, पण उस्तादाला नाही. रस्त्यात भेटला की खाली मान घालून "येतो भैय्याजी" म्हणे आणि सटके. गर्व झाला, दुसरं काय!

त्यात यमुताईंनी, म्हणजे ताराचंदच्या बायकोने, सुभद्राला बोलावणं धाडलं. दुपारची गेलेली सुभद्रा दिवेलागणीला परतली.

"काय खेळता तुमी बायका तिथं?" भैय्याजींनी छताकडे पाहत विचारलं, जसं काही त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"विमान असते. ते नदीवरून उडते. मधात पूल आला का फोडा लागते. अन् मधामधात पेट्रोल भरा लागते."

भैय्याजी ताडकन उठून बसले. "पेट्रोल? विमानात? खेळता खेळता?"

"हाव. नाही भरलं तं मरते न."

पार्लरमधल्या एकाही मशीनला पेट्रोल लागत नव्हतं. त्या दिवसापासून भैय्याजींना पेट्रोलपंप दिसला तरी गलबलून येऊ लागलं.

अशात पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची पिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा भलामोठा पुतळा, निघते, आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडग्ये निघतात. त्या वर्षी लोकांना ज्या गोष्टीने छळलं असेल तिचा बांबू-चिंध्यांचा पुतळा करायचा, "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. घरातली मोडकी केरसुणी, फुटकी सुपं, सगळी पिडा त्यासोबत बाहेर काढायची. एकदा मारबतीसोबत गेलेली वस्तू उंबऱ्याच्या आत परत येत नाही, हा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. गल्लीच्या बडग्याचा कारभार म्हाताऱ्या देवाजींकडे होता. आदल्या वर्षी महागाईचा बडग्या झाला होता, त्याच्या आदल्या वर्षी ढेकणांचा.

"औंदा कायचा करावं?" देवाजींनी बैठकीत विचारलं.

"व्हिडिओ गेमचा," भैय्याजी म्हणाले. बैठक चपापली. "पाहून राहिलो न मी महिनाभर. पोट्टे अभ्यास सोडून त्याच्यातच, बायका चूल सोडून त्याच्यातच. ही पिडा नाही तं काय आहे? जाळा एकदाची!"

ताराचंदचा चेहरा पडेल या आशेने त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. चेहरा पडला नव्हता. उलट तो उत्साहाने पुढे सरकला. "बेस आहे कल्पना! मशीनचं खोकं देतो मी. त्याचंच पोट करा बडग्याचं."

वार फुकट गेला. पण गल्लीला कल्पना आवडली आणि पुतळा करायचं काम साहजिकच या विषयातल्या जाणकाराकडे आलं.

"हातात मशीन हुबेहूब पाह्यजे बरं," देवाजी म्हणाले. "तुमी पाह्यली तं आहे न भैय्याजी?"

अख्ख्या गल्लीत ती मशीन न पाहिलेला माणूस एकच होता आणि तिचा पुतळा करायचं काम त्याच्याकडेच आलं होतं. कोणीतरी खाकरलं. शेवटी ताराचंदच म्हणाला, "मी आनून देतो न त्याईच्या घरी. खुशाल मापं घ्या म्हना."

घरी आणून देतो म्हणे! म्हणजे तुम्ही माझ्या घरी येऊ नका. भैय्याजींचा तिळपापड झाला. पण मशीन घरी येणार हे ऐकून तो तिळपापड थोडा गोडही लागला.

दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी पोटात दुखतं असं सांगून ऑफिसला रजा टाकली. महिनाभर त्यांच्या पोटात काय दुखत होतं ते पाहता यात खोटं काहीच नव्हतं. दार लावून घेतलं, चौकड्यांचा शर्ट चढवला आणि मशीन टीव्हीसमोर मांडली. काळा खोका, दोन स्टिका, प्रत्येकीवर एक लाल बटण. आणि वायरींचा गुंता. भैय्याजींनी एक वायर इकडे लावली, दुसरी तिकडे लावली. टीव्हीवर मुंग्या दिसत राहिल्या.

"अँटेनाच्या जागी लावा लागते ते," सुभद्रा कणिक मळता मळता म्हणाली. "अन् चॅनलचा खटका फिरवा. यमुताई तसंच करते."

"मले माहीत आहे," भैय्याजी म्हणाले आणि तसंच केलं. पडद्यावर नदी उमटली. विमान उडालं. भैय्याजींनी बोटं सैल सोडली, श्वास रोखला आणि दोन पूल फोडून दिमाखाने पुढे निघाले. विमान खाली कोसळलं.

"मशीन खराब आहे," ते ओरडले.

"पेट्रोल नाही भरलं तुमी."

दुपारपर्यंत भैय्याजी पेट्रोल भरायला शिकले. संध्याकाळपर्यंत त्यांना कळून चुकलं, की आपण महिनाभर ज्याला नावं ठेवली तो स्वर्ग आहे. रांग नाही, टोकन नाही, मागून "काका, आटपा न" म्हणणारं पोट्टं नाही. मांडी घालून बसावं, मरावं, चहाचा घोट घ्यावा आणि पुन्हा जिवंत व्हावं. आपल्या मताचं काय करायचं हा प्रश्न होता, पण त्यांनी दोन्ही ठेवायचं ठरवलं. दिवसा ते दार लावून खेळत, आणि संध्याकाळी अंगणात बडग्या बांधताना पोरांना त्याच खेळाचे दुष्परिणाम सांगत. बडग्याही फर्मास होत होता. सुताच्या गुंत्याचे केस, लाल डोळे आणि हातभर बाहेर लोंबणारी जीभ.

"मापं झाली काय?" ताराचंदने कुंपणावरून विचारलं.

"लांबी झाली. रुंदी बाकी आहे."

पुढच्या खेपेला रुंदी झाली होती आणि उंची बाकी होती. मग वायरींची लांबी निघाली. मग स्टिकचा घेर. शेवटी ताराचंदने विचारायचं सोडलं, तेव्हा भैय्याजींनी आपणहून सांगून टाकलं, "मशीन कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. अशी मोठी जोखीम. पोळा झाला का देतो."

पोळ्याच्या दुपारी सुभद्रा पुरणाच्या पोळ्या करत होती आणि भैय्याजी आयुष्यातल्या सर्वोत्तम डावात होते. इतक्यात अंगणातून देवाजींचा आवाज आला. "चला, पोट बसवून टाका बडग्याचं!" पाठोपाठ ताराचंदचा आवाज, आणि पोरांचा गलका. भैय्याजींनी दचकून वायरी उपटल्या. कपाटापर्यंत जायला वेळ नव्हता. समोर रंगवून तयार असलेलं खोकं पडलं होतं. त्यांनी मशीन, स्टिका, वायरी सगळं खोक्यात कोंबलं, झाकण दाबलं आणि वळले, तोच देवाजी दारात.

"तयार आहे वाटते पोट. द्या इकडं," म्हणून म्हाताऱ्याने खोकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. "लय जड लागते गा!"

"विटा टाकल्या," भैय्याजींच्या तोंडून निघालं. "वाऱ्यानं उडू नाही म्हनून."

"वा! याले म्हनते डोकं," ताराचंद कौतुकाने म्हणाला.

भैय्याजींच्या डोळ्यांदेखत खोकं बांबूच्या सांगाड्यात बसलं, सुतळीने आवळलं गेलं आणि पोरांनी त्याच्या तोंडावर कागद लावून वरून तांदळाची खळ फासली. विणकरांच्या घरची खळ ती. वाळली की लाकूड. त्यात पलीकडच्या गल्लीतली पोरं बडग्या पळवतात अशी बातमी आली, म्हणून आपली पोरं पहाऱ्याला अंगणातच मुक्कामाला बसली. भैय्याजी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर येत, बडग्याच्या पोटाकडे पाहत आणि आत जात. पहाटे पोरांचा डोळा लागला की काम उरकायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पहाटे पोरं जागीच होती. डोळा भैय्याजींचाच लागला.

जाग आली ती "घेऊन जा गे मारबत!" या आरोळीने, आणि तीही लांबून. अंगण रिकामं होतं.

भैय्याजी पायजमा-बनियनवर धावत सुटले. "अहो, ऐका तरी!" सुभद्रा दारातून ओरडली. "अहो, ते—" पण ऐकायला भैय्याजी होतेच कुठे? ते चौक ओलांडून गेले होते.

इतवारीच्या बाजारात माणसांचा समुद्र होता. ढोल, गुलाल, आणि माणसांच्या डोक्यावरून डुलत जाणारे बडग्ये. चपला पायांत राहिल्या नाहीत, चष्मा नाकावर राहिला नाही, पण हातभर लोंबणारी ती जीभ भैय्याजींना लांबूनच दिसली. ते गर्दी कापत बडग्याच्या ठेल्यापाशी पोचले.

"आले, आले!" देवाजी गरजले. "ज्याचा बडग्या त्याले वर घ्या रे!"

पोरांनी त्यांना उचलून ठेल्यावर उभं केलं. भैय्याजींनी तडक बडग्याच्या पोटाला मिठी मारली. पोट जड होतं. देवाच्या कृपेने अजून जड होतं.

"द्या घोषणा!" देवाजींनी खालून फर्मावलं. "व्हिडिओ गेमाले..."

"घेऊन जा गे मारबत!" भैय्याजी ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडाने ते मारबतीला सांगत होते घेऊन जा, आणि मनात हात जोडून विनवत होते, नको नेऊ गे माय, एवढी एक वस्तू सोड. शेजारून दुसरा बडग्या घासून गेला तेव्हा त्यांनी आपली पाठ मधे घातली. कोणी फुटकं सूप फेकलं ते खांद्यावर झेललं.

"पोटाले धक्का लावू नका रे!" ते कळवळून सांगत होते.

"किती मन लावून करून राहिले पाहा," देवाजी शेजारच्याला म्हणाले. "नाहीतं तो ताराचंद. आलाच नाही."

"काहून नाही आला?" भैय्याजींनी वरून विचारलं.

"त्याचा साळा आला न मस्कतवरून, सकाळच्या गाडीनं."

भैय्याजींनी पोटाची मिठी आणखी आवळली. म्हणजे ज्याने मशीन दिली तो मालक घरी येऊन बसला होता, आणि आल्या आल्या तो पहिली गोष्ट काय मागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. महिनाभर त्यांनी ताराचंदचं वाईट व्हावं असं मनोमन म्हटलं होतं. पण ते असं आपल्या हातून, आपल्याच अंगणात रचलं जाईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गावाबाहेरच्या मैदानात बडग्ये ओळीने उभे राहिले. कोणीतरी रॉकेलचा डबा पुढे केला. देवाजींनी पलिता पेटवला आणि भैय्याजींच्या हाती द्यायला पुढे धरला.

"थांबा!" भैय्याजी बडग्याला पाठीशी घालून उभे राहिले. "जाळू नका!"

"आँ?"

"आधी पोट फाडू द्या!"

भैय्याजी बडग्यावर तुटून पडले. खळ लागलेला कागद नखांनी निघेना, तर दातांनी फाडला. खोक्याचं झाकण उघडलं, आणि हात आत घातला. हाताला लागला फुटका वरवंटा. मग एक झिजलेली केरसुणी. आणि तळाशी काहीतरी मऊ, ओलसर, ओळखीच्या वासाचं. त्यांनी ते बाहेर ओढलं.

निळ्या चौकड्यांचा शर्ट!

मशीन नव्हती. भैय्याजींनी खोकं उलटं करून झटकलं. एक झुरळ पडलं, बाकी काही नाही.

"भैय्याजी," देवाजी हळूच म्हणाले, "शर्टासाठी जीव देऊन राहिले काय तुमी?"

खरं सांगायची सोय नव्हती. मशीन बडग्याच्या पोटात का होती, हे सांगायचं तर ती टीव्हीसमोर का होती, हे सांगावं लागलं असतं. "लकी शर्ट आहे," भैय्याजी पडेल आवाजात म्हणाले. मैदानभर असा हशा पिकला, की बाजूच्या गल्लीचा ढोलवाला वाजवायचं थांबून चौकशीला आला.

शर्टही हाती लागला नाहीच. बडग्याच्या पोटात गेलेली वस्तू परत घरात न्यायची नसते, हे देवाजींनी त्यांना प्रेमाने, पण ठामपणे समजावलं, आणि शर्ट पुन्हा पोटात घातला. पलिता लागला. हातभर जीभ आधी जळली. भैय्याजी बनियनवर उभे राहून पाहत होते. मशीन मिरवणुकीत कुठेतरी पडली, किंवा पहाऱ्याच्या पोरांतल्याच कोणी लांबवली. काहीही झालं असेल. ताराचंदला जाऊन सांगणं एवढंच आता शिल्लक होतं.

अनवाणी पायांनी गल्लीत परत आल्यावर ते आपल्या दारावरून पुढे गेले आणि महिनाभरात पहिल्यांदा, न बोलावता, ताराचंदचा उंबरा ओलांडून आत शिरले. खोलीत माणसं होती, पण त्यांना ती दिसली नाहीत. डोळे जमिनीवर होते. टुंई टुंई आवाज येत होता. पण तो आवाज महिनाभर त्यांच्या कानात घर करून होता, त्यामुळे आता तो बाहेरून येतो की आतून, हे त्यांना वेगळं कळेनासं झालं होतं.

"ताराचंद," ते म्हणाले, "मी तुझा गुन्हेगार आहो. तुझी मशीन गेली बाप्पा. माझ्या हातानं गेली. मापं-बिपं काही घेतली नाही मी, खेळत बसलो होतो. घरचा गेम फालतू म्हनलं मी, ते बी खोटं. मी जळून राहिलो होतो तुझ्यावर. तू साऱ्याईले बोलावलं अन् मले नाही बोलावलं, म्हनून हा बडग्या केला. काय म्हनाचं ते म्हन आता."

ताराचंद त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. शेजारी त्याचा साळा, मागे यमुताई, आणि सगळे श्वास रोखून. ताराचंदने नजर न वळवता डावा हात वर केला.

"भैय्याजी, डाव चालू आहे."

भैय्याजींनी मान वर केली. समोर टीव्ही होता. टीव्हीवर नदी होती, नदीवर विमान होतं, आणि टीव्हीच्या पायथ्याशी, काळी कुळकुळीत, धडधाकट मशीन होती. भैय्याजी मटकन खाली बसले.

धडाम झालं. ताराचंदने स्टिक खाली ठेवली, घाम पुसला आणि वळून चक्क त्यांच्या पाया पडला. "झालं! भैय्याजी, आज जमलं एकदाचं. पाह्यलं न तुमी? बोटांनी खेळलो, मनगट हललं नाही, जीभ बी आतच होती."

"हाव," भैय्याजी कसेबसे म्हणाले.

"तुमच्यासमोर खेळाची हिंमतच होत नव्हती मले. उस्ताद येईन, पाहीन, अन् हसंन. म्हनून ठरवलं होतं, बरा खेळ आल्याशिवाय तुमाले बोलवाचं नाही. आज साळ्यासमोर... म्हंजे साळा आला न, त्याच्यासमोर..." आनंदाने त्याची जीभ अडखळत होती. "आज मी तुमाले बोलवाले येनारच होतो! बरं, तुमी काय सांगून राहिले होते आत्ता? नियम आहे न तुमचा, डावात कान बंद. शब्द ऐकला नाही मी."

भैय्याजींनी खोलीभर नजर फिरवली. साळा पडद्याकडे पाहत होता, यमुताई पोळ्यांचं ताट आणायला उठल्या होत्या. "काही नाही," ते म्हणाले. "जरासं पेट्रोल जास्त वाया गेलं, एवढंच म्हनत होतो."

"मी ऐकलं सारं," मागून कोणीतरी कुजबुजलं. सुभद्रा होती. "सकाळी यमुताई मशीन मागाले आली, भाऊ येनार म्हनून. तुमाले झोप लागली होती. पोट्ट्याईले चहाले आत बोलावलं अन् बडग्याचं पोट मांगून उसवलं. मशीन काढून तिले देली अन् दाभनानं शिवून टाकलं. तुमची इज्जत राहावं म्हनून कोनाले बोलली नाही."

"अन् शर्ट?"

"वजन सारखं पाह्यजे न. अन् पिडा बाहेर काढाचाच दिवस होता."

यावर भैय्याजींना बोलण्यासारखं बरंच होतं, पण ताराचंद म्हणाला, "आता वहिनीचा नंबर. मंग तुमी," आणि सुभद्रा पदर खोचून पुढे जाऊन बसली. तिने स्टिक दोन बोटांत धरली. विमान उडालं. तिने पहिला पूल फोडला, पेट्रोल भरलं, दुसरा फोडला, एका वळणावर नुसतं बोट लववून दोन जहाजांमधून निघून गेली. साळा "वा!" म्हणाला. ताराचंद पुढे झुकला. जिथे भैय्याजींचं विमान त्यांच्या सर्वोत्तम डावातही पडलं होतं, ती जागा आली आणि मागे गेली. महिनाभर ती इथे काय करत होती ते आता त्यांना कळत होतं. त्यांच्या पोटात पुन्हा ओळखीची आग पेटली.

"मनगट," त्यांना राहवेना. "मनगट ढिलं ठेव वं. असं धरते काय कोनी?"

सुभद्राने नजर हलवली नाही. "डाव चालू आहे," ती म्हणाली.

यमुताईंनी भैय्याजींसमोर पुरणाची पोळी ठेवली, तिच्यावरचं तूप थिजून गेलं. त्यांचा नंबर सुभद्राच्या मागे होता, आणि बाई काही मरायचं नाव घेत नव्हती.